वाचक विचारतात : जमैकाने विमानातूनच परत पाठवलेला इतिहासकार

मागच्या अंकात एका वाचकाने गिरमिटिया, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांबद्दल विचारलं होतं, तेव्हा उत्तरात मी गयानाचा इतिहासकार वॉल्टर रॉडनीचं नाव दोन ओळींत घेऊन पुढे गेलो होतो आणि नेमकी त्यावरच या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं आलीत. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त त्याच्याबद्दलच बोलू.

प्रश्न : गयाना म्हटलं की आम्हाला फक्त क्रिकेट आठवतं. हा माणूस कोण, जरा सुरुवातीपासून सांगाल का? (रत्नागिरी)

उत्तर : क्रिकेटवरूनच सुरू करूया की. सुनील गावसकरने कसोटीतलं पहिलं शतक ठोकलं, ११६ रन, ते १९७१ च्या मार्चमध्ये गयानाची राजधानी जॉर्जटाउनच्या बोर्डा मैदानावर. रॉडनी याच जॉर्जटाउनचा, जन्म २३ मार्च १९४२, पण ती मॅच चालू होती तेव्हा तो गावात नव्हता, जमैकाने हाकलल्यावर टांझानियात जाऊन शिकवत होता.

घर कामगाराचं. वडील शिंपी, आईसुद्धा शिवणकाम करायची. दक्षिण अमेरिकेतला गयाना तेव्हा ब्रिटिशांची वसाहत, सगळा कारभार उसाच्या मळ्यांभोवती फिरणारा. १९५० मध्ये तिथे पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी निघाली, त्यात भारतीय मजुराच्या घरातला चेडी जगन आणि आफ्रिकन वंशाचा वकील फोर्ब्स बर्नहॅम दोघं एकत्र होते, आणि रॉडनीचे वडील या पक्षाचे कार्यकर्ते, त्यामुळे १९५३ च्या निवडणुकीत हा अकरा वर्षांचा पोरगा पत्रकं वाटत फिरायचा. पक्ष जिंकला, पण १३३ दिवसांत ब्रिटिशांनी सैन्य उतरवून सरकार बरखास्त केलं. मग १९५५ ला जगन आणि बर्नहॅम फुटले, हळूहळू एक पक्ष भारतीयांचा आणि दुसरा आफ्रिकनांचा होऊन बसला आणि १९६२ ते ६४ मध्ये शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला. एवढं लक्षात ठेवा कारण रॉडनीचं पुढचं सगळं आयुष्य या फुटीला उत्तर शोधण्यात गेलं असं मला वाटतं.

बाकी शिक्षण भराभर झालं. स्कॉलरशिपवर क्वीन्स कॉलेज, मग जमैकात १९६३ ला इतिहासात फर्स्ट क्लास, मग लंडन, आणि १९६६ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी पीएचडी. विषय पश्चिम आफ्रिकेच्या अप्पर गिनी किनाऱ्यावरचा गुलामांचा व्यापार. त्यासाठी पोर्तुगीज आणि स्पॅनिश शिकून लिस्बन, सेव्हिल, रोमच्या दप्तरखान्यांत बसला.

प्रश्न : जमैकाचं सरकार तर तेव्हा कृष्णवर्णीयांचंच होतं ना? मग एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाला कशाला हाकललं? (पुणे)

उत्तर : प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. जमैका १९६२ ला स्वतंत्र झाला, १९६८ ला पंतप्रधान ह्यू शीअरर, मंत्री तिथलेच. जानेवारी १९६८ मध्ये रॉडनी मोना इथल्या युनिव्हर्सिटीत आफ्रिकेचा इतिहास शिकवायला आला. वर्ग संपला की बाकी प्राध्यापक घरी जायचे आणि हा किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये जायचा, जिथे रस्ताफारी लोक, म्हणजे आफ्रिकेला आपली मूळ भूमी मानणाऱ्या पंथाचे लोक राहायचे. या लोकांना तिकडचा पांढरपेशा वर्ग अगदी ओवाळून टाकलेले समजायचा, पोलिस येताजाता मारायचे. रॉडनीने स्वतः लिहून ठेवलंय की कचऱ्याच्या मधोमध एका गंजक्या तेलाच्या डब्यावर बसून तो त्यांच्याशी बोलायचा. काय बोलायचा, तर इतिहासच. कुश, इथिओपिया, बेनिन, म्हणजे ज्या खंडातून तुमचे पूर्वज साखळदंडात बांधून आणले तिथे राज्यं होती, कारागिरी होती, माणसं शहाणपणाने जगत होती. आणि मग पुढचा प्रश्न आपोआप यायचा, की झेंडा बदलला तरी जमीन आणि पैसा अजून त्याच मूठभर लोकांकडे कसा काय?

सरकारला नेमकं हेच खुपलं. ऑक्टोबर १९६८ मध्ये तो माँट्रियलला कृष्णवर्णीय लेखकांच्या परिषदेला गेला, १५ तारखेला परत आला तर किंग्स्टनला विमानातून खाली पायच ठेवू दिला नाही, आल्या विमानाने परत. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी युनिव्हर्सिटीचे गाऊन घालून मोर्चा घेऊन निघाले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मग शहरातली गरीब माणसं रस्त्यावर उतरली, बसेस जळल्या, माणसं मेली. जमैकात ही घटना आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. रॉडनी तेव्हा फक्त २६ वर्षांचा होता आणि जमैकात त्याने पुरतं एक वर्षही शिकवलं नव्हतं. त्याच्याकडे ना संघटना होती ना शस्त्र, होता तो फक्त ऐकणाऱ्याला आपलासा वाटणारा इतिहास. वस्तीत जाऊन बोलणाऱ्या एका मास्तरची सरकारने एवढी धास्ती घ्यावी, यातच त्याच्या कामाची ताकद दिसते.

प्रश्न : मग तो टांझानियात जाऊन सुखाने राहिला का? तिथे तर त्याची मतं सरकारला पटणारीच होती. (नागपूर)

उत्तर : सुखाने राहू शकला असता. काही महिने क्युबात काढून १९६९ ला दार-एस-सलामला आला, तिथे राष्ट्राध्यक्ष नायरेरेंनी १९६७ मध्येच समाजवादाची अरुशा घोषणा केलेली, आफ्रिकेतल्या अर्ध्याअधिक स्वातंत्र्य चळवळींची ऑफिसं त्याच शहरात, युनिव्हर्सिटी चर्चांनी नुसती गजबजलेली. पण त्याने तिथेही सरकारची तळी उचलली नाही, एकदा त्याच्या भाषणावर सत्ताधारी पक्षाच्या पेपरने अग्रलेख लिहून त्याला चांगलंच झापलं होतं.

युरोपने आफ्रिकेला मागास कसं ठेवलं यावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक इथलंच, १९७२ चं. त्यात तळटीपा नाहीत, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढे काय वाचावं एवढंच थोडक्यात दिलंय, कारण ते त्याला कामगार आणि शाळकरी पोरांच्या हातात द्यायचं होतं. मी प्रामाणिकपणे सांगतो, त्यात काही ठिकाणी त्याने फार मोठा पट फार भराभर उलगडलाय, अख्खा खंड आणि पाच शतकं एका पुस्तकात बसवायची म्हटल्यावर ते होणारच, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतलेत. पण मूळ प्रश्न त्याने असा विचारला की तो आता कोणालाच टाळता येत नाही.

प्रश्न : त्याचे राजकीय विचार बघता त्याला इतिहासकार म्हणायचं की प्रचारक? इतिहासकाराने तटस्थ असावं असं आम्ही आयुष्यभर शिकवत आलो. आणि स्वतः आफ्रिकन वंशाचा असताना तो भारतीय मजुरांबद्दल न्यायाने लिहील हे कसं मानायचं? (कोल्हापूर, निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, तुमच्या पत्राला सगळ्यात मोठं उत्तर देतो कारण माझ्या मते रॉडनीचं मोठेपण इथेच आहे. तुम्ही त्याचं गयानाच्या कष्टकरी लोकांच्या इतिहासावरचं पुस्तक बघा, १८८१ ते १९०५ एवढाच काळ घेतलाय. ते सुरू कशाने होतं माहितीये? चिखलाने. गयानाचा किनारा भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली जातो, समोरून समुद्र आणि मागून दलदलीचं पाणी, त्यामुळे ऊस लावायचा तर आधी बांध घाला, चर खणा. एका सरकारी कमिशनच्या रिपोर्टात हिशेब होता की उसाच्या दर चौरस मैलाला ४९ मैल निचऱ्याचे चर आणि १६ मैल वरच्या पातळीचे कालवे लागतात आणि हे सगळं उभं करताना कमीत कमी १० कोटी टन माती हलवली गेली असणार. आकडा रिपोर्टात पडूनच होता. रॉडनीने विचारलं की ही माती हलवली कोणी? गुलामांनी, पाण्याने जड झालेली चिकणमाती, हातात फक्त फावडं. म्हणजे मळेवाल्यांनी वसवलेला देश म्हणून जो सांगितला जातो तो मुळात या माणसांनी समुद्रातून ओढून काढलेला आहे. आता यात प्रचार कुठे आहे सांगा? आकडा सरकारचा, प्रश्न फक्त त्याचा.

पुढे बघा. गुलामगिरी संपली तशी सुटलेल्या लोकांनी पैसे जमवून मळे विकत घ्यायला सुरुवात केली, १८३९ मध्ये ८३ जणांनी मिळून नॉर्थब्रुक नावाचा मळा घेतला आणि त्याचं गाव केलं. ही माणसं मळ्यावर काम करायची पण मजुरीसाठी अडून बसायची, संप करायची. मळेवाल्यांनी त्यावर उपाय काढला तो भारतातून करारावर मजूर आणायचा. ५ मे १८३८ ला व्हिटबी आणि हेस्परस ही पहिली दोन जहाजं लागली होती, १९१७ पर्यंत मिळून सुमारे २ लाख ३९ हजार माणसं नेली, बहुतेक कलकत्त्याहून चढलेली भोजपुरी पट्ट्यातली, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार, कायद्याने पुरुषाला दिवसाला २४ सेंट, आणि काम चुकवलं तर थेट फौजदारी. आता यातली गोम अशी की या मजुरांना आणायच्या खर्चाचा एक हिस्सा सरकारी तिजोरीतून जायचा, म्हणजे आफ्रिकन मजुराने कर भरायचा आणि त्या पैशातून त्याचीच मजुरी पाडायला दुसरा मजूर यायचा. दोघांमध्ये वैर का झालं हे रॉडनी असं व्यवहारातून दाखवतो. स्पर्धा खरीच होती हे तो मोकळेपणाने मान्य करतो, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असलं काही गोड बोलत नाही, पण ती स्पर्धा कोणी मांडली आणि कोणाच्या फायद्याची होती हे सोडत नाही.

आणि भारतीयांबद्दल तिथे एक समज घट्ट बसला होता की हे लोक गरीब गाय, मालक म्हणेल ते करणारे. रॉडनीने दप्तरं उपसून दाखवलं की हे लोक सतत संप करत होते, ड्रायव्हर (म्हणजे मळ्यावरचे मुकादम) आणि ओव्हरसियर लोकांशी भांडत होते, मॅजिस्ट्रेटकडे घोळक्याने चालत जात होते. बेचू नावाचा करारावर आलेला एक बंगाली मजूर होता, एनमोर मळ्यावरचा, त्याने १८९६ पासून पेपरला इंग्रजीत पत्रं लिहून मजुरी कशी बुडवतात, ओव्हरसियर बायकांना कसे वागवतात हे चव्हाट्यावर मांडलं आणि १८९७ च्या रॉयल कमिशनपुढे साक्षही दिली. मळेवाल्यांचा संताप संताप झाला, पुढे त्याच्यावर बदनामीचा खटलाही भरला गेला. पुस्तक संपतं १९०५ पाशी, तेव्हा जॉर्जटाउनच्या गोदी कामगारांनी संप केला आणि १ डिसेंबरला रुइमवेल्ट मळ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

तटस्थतेबद्दल तुमचं म्हणणं मी समजतो. पण बाजू घेणं आणि पुरावा वाकवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना सर. याने बाजू उघड घेतली आणि पुरावा जसाच्या तसा ठेवला, स्वतःच्या वंशाला झुकतं माप दिलं नाही. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने १९८२ मध्ये या पुस्तकाला बेव्हरिज पुरस्कार दिला, आणि ती संस्था काही कुठल्या पक्षाची नव्हे.

प्रश्न : टांझानियात एवढं बस्तान बसलेलं असताना गयानाला परत का गेला? कुटुंबाचा विचार नाही केला? (ठाणे)

उत्तर : बायको पॅट्रिशिया आणि तीन मुलं, सगळे सोबत गेले, म्हणजे निर्णय एकट्याचा नव्हता. त्याचं म्हणणं होतं की दुसऱ्याच्या देशात तुम्ही कितीही शिका तरी तिथल्या माणसाच्या बोलण्यातले बारकावे, त्याची नस तुम्हाला पुरती सापडत नाही आणि राजकारण करायचं तर आपल्या माणसांत जाऊनच करायला पाहिजे. १९७४ मध्ये गयाना युनिव्हर्सिटीने त्याला इतिहासाचा प्रोफेसर म्हणून नेमलं, तो सामान घेऊन निघाला आणि बर्नहॅम सरकारने ती नेमणूकच रद्द करायला लावली. मला तर ही दुसरी हद्दपारी पहिलीपेक्षा जास्त जाचक वाटते, कारण पहिली निदान परक्या देशातून होती, इथे घर आपलं, गाव आपलं, भाषा आपली आणि वर्गात पाय ठेवायला बंदी. मुद्दाम तसं केलं होतं, की कंटाळून आपणहून निघून जाईल.

तो गेला नाही. मधेमधे अमेरिकेत, जर्मनीत पाहुणा म्हणून शिकवून पैसे आणायचा आणि परत यायचा. मघाशी सांगितलं ते गयानाचं पुस्तक याच बेकारीतलं, पाळत चालू असताना, घराच्या झडत्या होत असताना लिहिलेलं. मुलांच्या गाढ झोपेत पोलिस दारात येऊ शकतात अशा घरात बसून त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या मजुरांची पगारपत्रकं, कोर्टाचे कागद वाचावेत याचं मला फार अप्रूप वाटतं.

सोबत वर्किंग पीपल्स अलायन्स या पक्षाचं काम. त्यात युसी क्वायाना, रुपर्ट रूपनारायण, मोझेस भगवान, म्हणजे आफ्रिकन आणि भारतीय दोन्हीकडचे लोक. एका संध्याकाळी बॉक्साइटच्या खाणीतल्या कामगारांपुढे सभा, जे बहुतेक आफ्रिकन वंशाचे, तर दुसऱ्या संध्याकाळी उसाच्या पट्ट्यात भारतीयांपुढे, आणि दोन्हीकडे लोक यायचे. बर्नहॅमला खरी भीती याचीच होती, कारण त्याची गादी या दोघांच्या वैरावर टिकली होती. जुलै १९७९ मध्ये एका मंत्रालयाची इमारत जळाली, जाळपोळीच्या आरोपात रॉडनीला पकडलं, कोर्टाबाहेरच्या निदर्शनात फोटो काढणारे फादर बर्नार्ड डार्क यांना भोसकून मारलं. १९८० मध्ये देशाबाहेर जायची बंदी मोडून तो झिंबाब्वेच्या स्वातंत्र्य सोहळ्याला जाऊन आला, तिथे त्याला राहायची आणि कामाची ऑफरही होती. तरी परत आला.

प्रश्न : इथे टोरंटोत गयानाची बरीच माणसं आहेत. त्यातले काही म्हणतात की रॉडनी स्वतःच बॉम्ब बनवताना मेला. खरं काय? (टोरंटो)

उत्तर : नाही, खरं नाही, आणि ही गोष्ट सरकारने स्वतः पसरवलेली होती म्हणून ती अजून फिरतेय. १३ जून १९८० च्या रात्री जॉर्जटाउनमध्ये तुरुंगाजवळच्या रस्त्यावर तो भाऊ डोनाल्डसोबत कारमध्ये बसला होता. मांडीवर वॉकी-टॉकी, टेस्ट करायला दिलेला. तो देणारा ग्रेगरी स्मिथ, लष्करात इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलेला सार्जंट, पक्षाच्या लोकांशी ओळख वाढवून जवळ आलेला. वॉकी-टॉकीत बॉम्ब होता. रॉडनी गेला, ३८ वर्षांचा होता, डोनाल्ड जखमी झाला. लगेच सांगितलं गेलं की हे तुरुंग उडवायला निघाले होते. स्मिथला देशाबाहेर पोचवलं गेलं, तो फ्रेंच गयानात राहिला आणि २००२ मध्ये तिथेच मेला, कोर्टाचं तोंड न बघता. आणि ज्याचा भाऊ डोळ्यांदेखत मेला त्या डोनाल्डलाच १९८२ मध्ये स्फोटकं बाळगल्याबद्दल दोषी ठरवलं.

चौकशी आयोग बसायला २०१४ उजाडलं. २०१६ च्या अहवालात आयोगाने म्हटलं की हा खून स्मिथने केला, सरकारी यंत्रणेची त्याला साथ होती आणि बर्नहॅमला कटाची माहिती होती. डोनाल्डची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली, तब्बल चार दशकांनी. त्याच वर्षी सरकारने रॉडनीचा मृत्यूचा दाखला दुरुस्त करायचं ठरवलं. आधीच्या दाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात ‘बेकार’ असं लिहिलेलं होतं आणि मृत्यूचं कारण अपघाती. म्हणजे आधी नोकरी मिळू दिली नाही आणि मेल्यावर कागदावर बेकार म्हणून नोंद. आता तिथे प्रोफेसर आणि हत्या असं लिहायचं ठरलं. तुमच्या ओळखीच्या लोकांशी बोलाल तेव्हा भांडू नका, त्यांच्याही घरात १९६४ च्या दंगलीच्या आठवणी असतील, पण अहवाल काय म्हणतो एवढं जरूर सांगा.

प्रश्न : वाचायला सुरुवात कुठून करू? इंग्रजी बेताचं आहे. घरात दहा वर्षांची मुलगीही आहे. (सातारा)

उत्तर : जमैकातल्या वस्त्यांमधल्या गप्पांवरचं ‘द ग्राउंडिंग्ज विथ माय ब्रदर्स’ आधी घ्या, छोटं आहे आणि भाषणाच्या भाषेत आहे, त्यामुळे इंग्रजी अडणार नाही. मग गयानाचं, सावकाश, पहिलं चिखलाचं प्रकरण दोनदा वाचलंत तरी चालेल. आफ्रिकेचं शेवटी. मुलीसाठी मात्र त्याचं वेगळंच पुस्तक आहे. गयानात आलेल्या वेगवेगळ्या समाजांची गोष्ट एकमेकांच्या मुलांना कळावी म्हणून त्याने मुलांसाठी पुस्तकं लिहायला घेतली होती, त्यातलं एक आफ्रिकेतून आणलेल्या कोफी बाडूचं आणि दुसरं भारतातून गेलेल्या लक्ष्मीचं. ‘लक्ष्मी आउट ऑफ इंडिया’ त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, २००० मध्ये छापलं गेलं. मिळालं तर तिच्याबरोबर बसून तुम्हीही वाचा.